उतारझोप

कृत्तिका मगदूम दुपारी जेवून आडवी झाली, तेव्हा तिला पुलांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. उठली ती पुलांची वैद्य होऊन. चूळ भरली, चहा घेतला, नदीवरच्या पुलाच्या कठड्याला कान लावला आणि म्हणाली, "मधल्या खांबाला जरा कणकण आहे. उतरेल."

ही करामत उशीची. सांगलीत आता वामकुक्षीला कुणी आळस म्हणत नाही. झोपेत मेंदू आठवणींची आवराआवर करतो. कामाच्या वर काढतो, बिनकामाच्या तळाला ढकलतो. कसब-उशीतले चुंबकीय स्पंद त्या गडबडीत हळूच आपलं गाठोडं आत सरकवतात. एका झोपेत धंदा येतो. ही चढझोप. नोकरी सोडताना पुन्हा त्याच उशीवर निजायचं. उशी आपलं गाठोडं उचलते आणि पुढच्या माणसाकडे जाते. ती उतारझोप. कसब कंपनीचं, डोकं तेवढं तुमचं.

मग तरणी पोरं एका जागी कशाला बसतील? कृत्तिकानं चहा चाखायचं काम केलं, आमराईत मोहोरावर यंत्रमाश्यांचे थवे हाकले, ढगांची वजनं केली. ढग दिसायला कापूस, पण भरतो हत्तींच्या कळपाएवढा, हे ती शपथेवर सांगायची. म्हणजे ती नोकरी होती तोवर. पुढे ढग दिसला की नुसतं "छान आहे" म्हणायची.

तिच्या वडिलांनी, अण्णांनी, सारी हयात एका हळदीच्या पेढीवर काढलेली. रोज सकाळी ते लेकीला विचारायचे, "काय गं, आज कोण हायस?"

"पूल."

"बरं. ढग होतीस तेच बरं होतं. सावली तरी पडायची."

"तुम्ही जन्मभर हळदच हुंगलीत, अण्णा."

"म्हणून तर अजून पिवळा हाय. तुझा रंग कुठला, ते सांग बघू?"

पुलाची नोकरी तिला आवडली, म्हणजे इतरांपेक्षा जरा जास्त टिकली. लोखंडाला कान लावून डोळे मिटले की अख्खी नदी आत शिरायची. वरून जाणारा ट्रक गुळाचा की साखरेचा, हे ती न बघता सांगायची. साखर कुरकुरते, गूळ गप्प बसतो. पण मग नदीतळाची माती वाचायचं काम चालून आलं आणि तिनं पूल सोडला.

उतारझोपेला निजताना कंपनीतली बाई म्हणाली, "कामाचंच घोकत झोपायचं हं. दुसरं काही मनात आणू नका."

कृत्तिका 'हो' म्हणाली, आणि डोळे मिटताच सवयीनं नावं घेतली.

ही मगदुमांच्या घरची रीत होती. निजण्याआधी घरच्या माणसांची नावं मनातल्या मनात घ्यायची. तिची आई म्हणायची, "नावं घेऊन झोपलं की उठल्यावर सगळी जागच्या जागी असतात." आई गेली, तरी कृत्तिका पहिलं नाव तिचंच घ्यायची.

आईच्या वाढदिवसाला अण्णांनी जुन्या फोनवरचा तिचा आवाज लावला. "कृते, ऊठ की गं, चहाचं सरबत झालं!"

चपला चढवता चढवता कृत्तिका म्हणाली, "कोण हो ही बाई? गोड बोलते."

अण्णांनी फोन खाली ठेवला. "असली थट्टा करू नको."

"थट्टा नाही, अण्णा."

तिला आईचा चेहरा आठवत होता. आजारपण आठवत होतं, उशाशी बसलेलं आठवत होतं. आवाज मात्र कानापर्यंत येत होता, आईपर्यंत पोचत नव्हता. तिनं पुन्हा पुन्हा तो लावला. परक्या घरातल्या कुणीतरी परक्या मुलीला उठवावं, तसा तो वाटत राहिला. चहाची नोकरी सोडल्यावर आईच्या पद्धतीच्या आमटीला ती नुसतं "बरीय" म्हणाली होती. तेव्हा अण्णांना वाटलेलं, आपलंच मीठ चुकलं असेल.

मग एका रविवारी, उन्हं पिवळी होऊन अंगणात लोळत असताना, फाटक करकरलं. एक तरुण आत आला. त्यानं फाटक पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, कान देऊन ऐकलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"हेच! हेच घर!"

"काय पाहिजे?" अण्णा उठले. "फाटक विकायचं नाही."

"मी यासीन शिकलगार, काका. मिरजेचा. पुलावर असतो." त्यानं कृत्तिकाकडे पाहिलं. "तुमच्यानंतर ती उशी माझ्याकडे आली असणार. कंपनी आधीच्याचं नाव सांगत नाही. तेव्हापासून डोळा लागला की एक काकू हाक मारतात. कृते म्हणतात. मी म्हणतो, काकू, मी यासीन! ऐकतच नाहीत. मागे हरिपूरच्या देवळाची घंटा आणि या फाटकाची करकर. पुलाची कुरकुर ओळखतो, म्हटलं फाटकाची का नाही? महिनाभर हरिपुरातली फाटकं उघडत फिरतोय. दोन ठिकाणी कुत्री मागं लागली, एका ठिकाणी लग्नाचं स्थळ समजून पोहे दिले."

"खाल्लेस?"

"चांगले होते, काका."

अण्णांना हसू आलं आणि लगेच विरलं. "काय म्हणते ती?"

यासीननं डोळे मिटले. त्याच्या जाड्याभरड्या गळ्यातून एक हेल निघाला, शेवटी किंचित वर जाऊन तुटणारा. "चहाचं सरबत झालं!"

अण्णांनी नकळत वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. कृत्तिका त्यांच्याकडे बघत राहिली. वडिलांना जे ऐकू आलं, ते तिला आलं नव्हतं.

"मीच दिलं," ती सावकाश म्हणाली. "उशी कसब काढून घेते, तेव्हा त्याच जातीचं आणखी काही वर तरंगत असलं तर तेही उचलते. चहानं चव नेली. पुलानं आवाज. आणि मी नावं घेऊन घेऊन आईला वर आणून ठेवत होते."

"मग परत आण की," अण्णा म्हणाले.

"आणता येईल. पुलाला माणसं कमीच आहेत, घेतील मला. यांनी आईचं नाव घेत उतारझोप घ्यायची, मी त्याच उशीवर चढझोप. पण मग पूल सोडायचा नाही, अण्णा. कधीच नाही. नाव घेतल्याशिवाय मला झोप लागत नाही; सोडला की आई पुढच्याकडे."

"मग लगेच ठरवायला हवं," यासीन खाली बघत म्हणाला. "उद्याच माझी उतारझोप आहे. कोचीला काम लागलंय. म्हटलं, ज्यांच्या काकू त्यांना विचारल्याशिवाय कसं जावं? कामाचंच घोकत झोपलो, तर त्या माझ्याबरोबर कोचीला येतील. नाव घेतलं, तर उशीत. काय नाव त्यांचं?"

अण्णांनी बायकोचं नाव उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. कायम 'कृत्तिकाची आई'. ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "पद्मावती."

यासीननं ते ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिलं. "घेईन मी. पण तुम्ही तिथं राहाल ना? म्हणजे, टिकाल?"

कृत्तिकानं आजवर कुणालाच 'राहीन' असं म्हटलं नव्हतं. तिच्यासमोर न केलेली सगळी कामं ढगांसारखी तरंगत गेली: समुद्रातली शेतं, चंद्रावरच्या विहिरी, अजून नावंही न पडलेले धंदे. एक लोखंडी कठडा आणि आयुष्यभर त्याला लावलेला कान. पलीकडून येणारी एक हाक.

"तुम्हाला काय वाटतं त्या हाकेचं?" तिनं विचारलं. "डोक्याला ताप झाला असेल."

"ताप?" यासीन हसला. "मी वसतिगृहात वाढलो. तिथं घंटा व्हायची. कुणी नाव घेऊन उठवावं, हे मला या उशीवरच कळलं." मग घाईघाईनं म्हणाला, "पण त्या तुमच्या आहेत. मी देतो."

ऊन अंगणातून सरकत यासीनच्या पायाशी येऊन थांबलं होतं.

"राहीन," कृत्तिका म्हणाली. शब्द तोंडात नवाच लागला. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पण मग तुम्हाला कोण उठवणार?"