सर्वांत जवळचं अंतर

कॅमेरे दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातली ही एक तक्रार मी आजवर कोणाला सांगितली नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

दुपारी तीनच्या सुमारास एक शिक्षिका दुकानात आल्या. नव्या कॅमेऱ्यावर त्यांनी थोरल्या भावाची जुनी लेन्स जोडरिंग घालून बसवली होती. भाऊ फोटोग्राफर, दोन वर्षांपूर्वी गेला. आता आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिचा एकच हट्ट, फोटो काढायचा तर त्याच्याच लेन्सने. पण व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता अंधार.

मी त्यांना धीर दिला. जुन्या लेन्समधली, उजेड आत सोडणारी पाती नव्या कॅमेऱ्यावर आपोआप उघडत नाहीत, हाताने रिंग फिरवावी लागते. ती पूर्ण उघडून मी डोळा लावला. अंधारच.

लेन्स काढून खिडकीकडे धरली. काच स्वच्छ, पाती सताड उघडी, उजेड आरपार येत होता. कॅमेऱ्याचा आरसाही ठीक. दुसऱ्या लेन्सने लख्ख दिसत होतं. मग ती जुनी लेन्स माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवली. पुन्हा अंधार.

डोळा सरावल्यावर लक्षात आलं, त्या अंधारात हालचाल आहे. संथ. जरा पुढे येई, जरा मागे जाई. हाताच्या सवयीने मी फोकसची रिंग फिरवत सर्वांत जवळच्या अंतरावर आणली, आणि कापडाची वीण दिसली. जाड, लोकरी. कोणीतरी लेन्सच्या अगदी पुढ्यात उभं राहून श्वास घेत असावं, तशी हलणारी.

मी डोळा काढला. समोर टेबल, त्यापलीकडे खिडकी. मधे कोणी नाही. ओल्या लोकरीचा वास मात्र येत होता.

काय दिसलं ते मी सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "बटण...?"

मी पुन्हा पाहिलं. "एक आहे. काळं. पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं."

"त्या सकाळी काळा दोरा सापडेना... सगळे खोळंबले होते. मीच लावलं घाईघाईत. त्याच कोटात शेवटचं नेलं त्याला."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातून घेतला. डोळा लावून, दारात अडून उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "दादा, जरा बाजूला हो. आईचा फोटो काढायचाय."

व्ह्यूफाइंडरमधून त्यांच्या डोळ्यावर उजेडाचा ठिपका पडला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. फोटो छान आला होता. आई पहाटे गेली. शुद्धीत होती तोवर एकच विचारत राहिली, तो तिकडेच का थांबला?

त्या दुपारपासून माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला उजेड कमी येतो. उजेड मोजायचा मीटर लावून पाहिला, उजवीकडच्या निम्माच. टेबल हलवून दुसऱ्या भिंतीला लावलं, तरी डावी बाजू तशीच. आता त्याचं काही वाटत नाही. पण दुकानात गर्दी झाली, की गिऱ्हाइकं आपसूक उजवीकडे सरकून उभी राहतात.