सहाला एक

"रंग बघून गिअरबॉक्स घेत नाहीत, काका," इलिंका म्हणाली. "बाबांच्या वहीत लिहिलंय."

गाव्रिलकाकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रविवारी त्याला इटलीला कामावर परतायचं होतं. त्याआधी मेलेल्या भावाची जीप चालू झाली तर ठीक, नाहीतर ती इथेच मानोलेच्या भंगारवाड्यात सोडायची, असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. बाबा जाऊन सहा महिने झाले होते. ऑटोमॅटिक गिअर उतारावर गाडीला धरत नाही, म्हणून ते जीपला साधा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स बसवणार होते. जुना काढून झाला होता, दुसरा बसवायचा राहून गेला.

"कालच आलाय, नव्यासारखा आहे," चकचकीत निळ्या डब्यावर थाप मारत मानोले म्हणाला.

"भंगारातला माल आणि रंग ओला?" तिच्या धाकट्या भावाने, दोरूने, निळं झालेलं बोट वर केलं. शेजारची साफ्ता फिस्सकन हसली.

इलिंकाने वही उघडली. "तळाचं बूच काढा. त्याला लोहचुंबक असतं. करडा चिखल दिसला तर चालेल, तुकडे दिसले तर नको."

मानोले कुरकुरला, पण काकाने पाना फिरवला. बुचाला नखाएवढे लोखंडी तुकडे चिकटले होते.

"आता पहिला गिअर टाका. पुढचा दांडा सहा वेळा फिरला की मागचा एकदाच फिरला पाहिजे, तरच गाडी आमचा चढ चढेल."

काकाने दांडा फिरवला. चार वेळाही पुरा फिरला नव्हता, तेवढ्यात मागच्याची फेरी झाली.

"घरी कोण शिकवतं हिला?" मानोलेने विचारलं. मग त्याला आठवलं आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

बाहेर येऊन तिघं फळीवर बसली. वहीतली शेवटची ओळ इलिंकाने शंभरदा वाचली होती. 'मिळाला. सहाला एक. घोंगडीत बांधून ठेवला.' पण घरच्या शेडमध्ये काहीच नव्हतं.

"केवढा असतो गं तो?" साफ्ताने विचारलं.

"मघाचा होता तेवढा."

"तसलंच काहीतरी आमच्या गोठ्यात आहे. घोंगडीत गुंडाळलेलं. आजोबा त्यावर बसून दूध काढतात."

तिघं धावत सुटली.

आक्सिंते आजोबा गाईपाशी बसले होते. इलिंकाने घोंगडीचं टोक ओळखलं. त्यावर बाबांच्या हातचे तेलाचे डाग होते.

"हे तुझ्या आजीने दिलं, तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी," आजोबा सावकाश म्हणाले. "तुझ्या बाबाच्या आत्म्यासाठी. काय आहे, मी विचारलंही नाही. आणि असलं दान परत देता येत नाही, पोरी."

"माहीत आहे," इलिंका म्हणाली. तिला खरंच माहीत होतं, म्हणूनच रडू आवरत नव्हतं.

आजोबांनी दुधाची बादली बाजूला ठेवली. मग उठले.

"परत नाही देता येत. पण आता ते माझं आहे, आणि माझी बायको मारिया जाऊनही तीन वर्षं झाली. तिच्या नावाने मी कुणालाही देऊ शकतो. घे."

इलिंकाने घोंगडीवर हात ठेवला आणि अशा वेळी म्हणतात ते म्हणाली, "देव मारियाआजींना क्षमा करो."

गाव्रिलकाका आला, त्याने बूच काढलं. चुंबकावर नुसता करडा चिखल होता. मागच्या दांड्यावर बाबांनी खडूने रेघ मारली होती. इलिंका पुढचा दांडा फिरवत होती, दोरू मोजत होता. सहा म्हणताना रेघ बरोबर जागेवर आली.

"माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं," काका म्हणाला. "दादा असता तर..." त्याने बूच परत आवळलं.

तो रविवारी गेला नाही. बुधवारी जीप कुरणाकडचा चढ चढली, आणि उतरताना ब्रेकला पाय न लावता संथ खाली आली. पण बाबांच्या जागेवर काका बसला होता. इलिंका सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

गिअरबॉक्स चुकून देऊन टाकल्याचं आजीला सांगायचं नाही, असं तिघांनी ठरवलं होतं. पण रात्रीचं जेवण वाढताना आजीच म्हणाली, "आक्सिंतेने दिला ना? मीच दिला होता तो त्याला."

"तुला माहीत होतं ते काय आहे?" इलिंकाने विचारलं.

"रोज पुसायचा तुझा बाबा त्याला, मग मला कळणार नाही? म्हणून तर दिला. आपण इथे देतो ते त्यांना तिकडे मिळतं. त्याच्या आवडीचं दुसरं काय होतं माझ्याजवळ?"

दोरूने चमचा खाली ठेवला. "म्हणजे बाबांकडेही एक आहे?"

"आहे."

"सहाला एकवालाच?"

"तोच," आजी म्हणाली, आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसून तिने त्याच्या ताटात मक्याच्या पिठाची आणखी मामालिगा वाढली.