एकशे बारा मिनिटं एकोणीस सेकंद

विमाबाईंकडे येणारे लोक आधी पाणी मागत आणि मग रडत. ही बाई मात्र पाणी न घेता बसली आणि पिशवीतून डिस्कची एक डबी काढून टेबलावर ठेवली.

"ह्यातलं माझ्या नवऱ्याचं बोलणं कुणीतरी नेलं," ती म्हणाली.

पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे शोधून निवृत्त झालेल्या बायकोला लोक आता घरगुती तपासाला बोलावत, आणि तिच्याबरोबर जायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं होतं. कुणाचं काय हरवेल ह्याचा नेम नसतो, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. पण बोलणं हरवल्याची ही पहिलीच तक्रार.

"नीट सांगा," विमाबाई म्हणाल्या.

बाईचा नवरा ध्वनिमुद्रक होता. चार महिन्यांपूर्वी गेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज टिपले. स्वतःचा आवाज फक्त एका ठिकाणी होता. तरुणपणी केलेल्या एका चित्रपटाची बाहेरच्या देशात खास आवृत्ती निघाली होती. तिच्यात चित्रपट चालू असताना तो मागून बोलतो, काय कसं टिपलं ते सांगतो.

"गेल्या शनिवारी मी ती डिस्क हातात घेतली होती. लावायचा धीर झाला नाही, परत ठेवली. शुक्रवारी लावली. चित्रपट तोच, पण हे कुठेच नाहीत. बघते तर डिस्कवर परक्या भाषेत छापलेली ती ओळच नाही. आपल्याकडे मिळते ती साधी डिस्क आहे ही."

"शनिवार ते शुक्रवार घरी कोण आलं?"

"रविवारी चहाला तिघं आले होते. यादीवाले."

यादी म्हणजे काय, हे समजून घेण्यात पोस्टमास्तरांचा दुसरा चहा गार झाला. ध्वनिमुद्रक, त्याचा धाकटा भाऊ, एक निवृत्त ग्रंथपालबाई आणि एक व्हिडिओ दुकानवाला, अशा चौघांनी मिळून आपापल्या घरच्या डिस्कची एक यादी इंटरनेटवर केली होती. कुणाकडे काय आहे ते कळावं, म्हणजे एकमेकांकडून नेता येईल. नियम एकच: डिस्क हातात घेऊनच नोंद करायची. ती खरी किती वेळ चालते, आवाज किती प्रकारचे, चित्राचा आकार कसा, आणि मधल्या भोकाभोवती कोरलेला बारीक क्रमांक. चौघांचा पासवर्ड एकच.

"ती साधी डिस्क कुणाकडे आहे?"

"तिघांकडेही. पण ताई, मला चोर नको आहे. मला डिस्क हवी."

"बऱ्याचदा दोन्ही एकत्रच सापडतात," विमाबाई म्हणाल्या. त्यांनी तो पासवर्ड मागून घेतला. नवऱ्याच्या वहीच्या मलपृष्ठावर तो लिहिलेला होता. शिवाय त्याच्या कपाटातली आणखी एक परदेशी डिस्क मागून घेतली.

यादीत एक सोय होती. कुठली नोंद केव्हा बदलली, आधी काय होती, हे पाहता येई. कुणी बदलली ते मात्र नाही. हरवलेल्या डिस्कची नोंद खुद्द ध्वनिमुद्रकाने तीन वर्षांपूर्वी केलेली होती, आणि तीही अर्धवट. वेळ एकशे सतरा मिनिटं, डबीवर छापलेली तशीच. कोरलेला क्रमांक रिकामा.

"नियम करणारेच नियम मोडतात," पोस्टमास्तर म्हणाले.

"स्वतःचा आवाज ऐकायला लाजत असेल. डिस्क लावलीच नसेल कधी. आता हे बघा."

मंगळवारी दुपारी तीन वाजता कुणीतरी ती नोंद पुरी केली होती. वेळ: एकशे बारा मिनिटं एकोणीस सेकंद. क्रमांक: अकरा आकडे-अक्षरं.

दुकान गल्लीच्या टोकाला होतं. अर्ध्या फळ्या रिकाम्या, बाकीच्यांवर धूळ. दुकानवाला मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"ती डिस्क? हल्ली तसली कुठे मिळते?" तो म्हणाला. "मला दिली असती तर मी पायघड्या घातल्या असत्या."

पोस्टमास्तरांनी बायकोला कोपराने खुणावलं. विमाबाईंनी लक्ष न देता कपाटातून आणलेली डिस्क पुढे केली. "ही जरा लावून दाखवता?"

त्याने लावली. पडद्यावर ओळ उमटली: ही डिस्क इथे चालणार नाही.

"बाहेरचा माल माझ्या मशिनीला पचत नाही. म्हणून तर त्यांच्याकडे जाऊन बघायचो."

"आणि घरी?"

"घरी टीव्हीच नाही. दिवसभर इथे पडदा बघतो, घरी गेल्यावर भिंत बघतो. बरं वाटतं."

ग्रंथपालबाई एकट्या राहत. खोलीतली प्रत्येक वस्तू मापून ठेवल्यासारखी. संगणकावर कुठल्याही देशाची डिस्क चालते, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं.

"फार चांगला चित्रपट. शेवटच्या प्रसंगात ती म्हातारी नटी बोलताना दिसते आणि आवाजच नाही. तीच तर सगळी गंमत. असं का केलं, म्हणून लोक अजून विचारतात."

बोलता बोलता त्यांनी औषधाची बाटली पोस्टमास्तरांच्या हाती दिली. "ह्यावर दिवसातून किती वेळा लिहिलंय, बघा ना. मोतीबिंदू पिकायची वाट बघतेय. सहा महिने झाले, यादीत क्रमांकाचा रकाना मोकळा सोडते. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं."

धाकटा भाऊ छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आता ते काम घरी आणी. टेबलावर कागदांची चळत, लाल पेन, मोठं भिंग. विमाबाईंनी आपलं कार्ड दिलं. त्याने ते वाचलं आणि नकळत पेन उचललं.

"'तपासणि' छापलंय. णी दीर्घ हवी."

"सवय दिसते," विमाबाई म्हणाल्या.

"चूक दिसली की हात थांबत नाही. तरुणपणी दादाचा मदतनीस म्हणून माइकचा दांडा धरायचो. तो एकच चित्रपट केला. मग हेच." कोपऱ्यातल्या प्लेअरकडे त्यांची नजर गेलेली पाहून तो म्हणाला, "तो दादाचाच. बाहेरच्या डिस्कही चालतात. नवा घेतला तेव्हा जुना मला दिला."

"ती डिस्क कधी ऐकलीत?"

"नाही," तो म्हणाला, आणि कागद सारखे करू लागला.

रविवारी दुपारी सगळे ध्वनिमुद्रकाच्या घरी जमले. बाईने चहा केला. कुणी कपाला हात लावला नाही.

"घरातली साधी डिस्क मी घड्याळ लावून पाहिली," विमाबाईंनी सुरुवात केली. "बरोबर एकशे सतरा मिनिटं. बाहेरच्या आवृत्तीत चित्रपट किंचित वेगाने पळतो, त्यांची पद्धतच तशी. म्हणून तो पाच मिनिटं आधी संपतो. मंगळवारी यादीत एकशे बारा लिहिणाऱ्याने खरी डिस्क लावून पाहिली होती. म्हणजे ती त्याच्याकडे होती."

"मी नाही," दुकानवाला म्हणाला.

"तुम्ही नाहीच. तुमच्या मशिनीवर ती चालत नाही, घरी टीव्ही नाही. एकोणीस सेकंद तुम्ही आणणार कुठून?"

पोस्टमास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. कालपर्यंत त्यांनी दुकानवाल्याला मनातल्या मनात शिक्षाही ठोठावून टाकली होती.

"बाईंच्या संगणकावर ती चालली असती. पण केसासारखी बारीक कोरलेली अकरा चिन्हं त्यांना दिसत नाहीत. बाटलीवरची अक्षरंसुद्धा दिसत नाहीत. क्रमांक वाचायला भिंग हवं, डिस्क चालवायला प्लेअर हवा, आणि चोरलेल्या वस्तूची नोंद सुधारायला चूक दिसली की न थांबणारा हात हवा. चोर एरवी नोंद पुसतो. ह्याने पुरी केली."

धाकट्या भावाने नाकारलं नाही. खांद्यावरच्या झोळीतून कागदात गुंडाळलेली डिस्क काढली आणि वहिनीसमोर ठेवली.

"का, भावोजी?" ती म्हणाली. "मागितली असती तर मी दिली नसती का?"

त्याने डिस्कभोवतीचा कागद हाताने सारखा केला.

"शेवटच्या प्रसंगात आवाज नाही ना, तो माझ्यामुळे. मी खोकलो. ती नटी आजारी होती, एकदाच बोलली, पुन्हा उभी राहू शकली नाही. सगळं वाया गेलं. दादाने दिग्दर्शकाला काय सांगितलं ते मला कधी विचारवलं नाही. ह्या डिस्कमध्ये तो ते सांगणार, आणि वहिनी, तुम्ही ऐकणार, असं वाटलं. म्हणून बदलली."

"मग?"

"मग लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिथे आल्यावर तो म्हणाला, इथे आवाज का नाही असं सगळे विचारतात. चूक माझी. खटका दाबायचा राहिला." त्याने चष्मा काढला. "तीस वर्षं मी त्याच्याशी तुटक वागलो. तो कुणाला सांगेल म्हणून. त्याने ह्यातसुद्धा सांगितलं नाही. परत काय तोंडाने आणून ठेवणार होतो? एवढंच दिसलं की त्याची नोंद अर्धवट राहिलीय. ती तेवढी पुरी केली."

ग्रंथपालबाईंनी पदर सावरला. दुकानवाला उठला आणि चपला शोधू लागला. विमाबाईंनी पोस्टमास्तरांना डोळ्यांनीच दार दाखवलं.

ते उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा मागे बाई दिराशी बोलत होती.

"तुम्ही कुठे निघालात? बसा. मला तो प्लेअर नीट लावता येत नाही."

"वहिनी, मी…"

"तुम्ही सगळं ऐकलंय ना? माझ्याबद्दल ते काही बोललेत का, ते आधी सांगू नका. बोलले असले तर ऐकेन. नसले तरी ऐकेन."

पोस्टमास्तरांनी दार हळूच ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता.