थोरलीचं उतरलेलं

दुपारची जेवणं उरकली की धाकटी दवाखान्यात मानेला वजन लावून घ्यायला जायची. लोक भाजी आणायला जातात तितक्याच साधेपणाने. थोरली बरोबर असायचीच. रस्त्यात थोरलीने दंड धरायचा आणि धाकटीने पायाखाली बघत चालायचं, असा दोघी बहिणींचा शिरस्ता पडून गेला होता.

धाकटीचं काम रफूचं. जळलेलं, उंदराने कुरतडलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड तिच्याकडे यायचं, आणि परत जाताना भोक कुठे होतं ते ज्याचं कापड त्यालाही सापडायचं नाही. पण या कामात मान वर करायची सोय नसते. वर्षानुवर्षं मान खाली घालून बसली आणि एक दिवस सहज वर पाहिलं, तर समोरची भिंत सावकाश डावीकडे निघाली. तिने टेबल धरलं. टेबलही निघालं. तेव्हापासून जी घेरी मागे लागली ती सुटली नाही. कधी जमीन नावेसारखी डुलायची, कधी पाय कापसात रुतल्यासारखे व्हायचे, कधी नुसती कूस बदलली तरी छत गरगरायचं. सुईचं नेढं एकाचं दोन दिसायला लागलं आणि हातातलं काम सुटलं.

कानाचा डॉक्टर म्हणाला, कानाचं नाही. मेंदूचा म्हणाला, मेंदूचं नाही. हाडांचा म्हणाला, मानेचं असेल, नसेलही. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. बाई भिंत धरून चालते आणि रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. ती ज्या दुकानात रफू करायची त्याचा मालक तर म्हणाला, "सोमवारी सकाळी आम्हालाही चक्कर येते बाई, पण आम्ही सांगत सुटत नाही."

एकटी थोरली तेवढी असलं काही बोलली नाही, कारण तिला स्वतःला हे होऊन गेलं होतं. पुष्कळ भोगलं होतं तिने, आणि मग एकाएकी खडखडीत बरी झाली होती. व्यायामाने, असं ती सांगायची. "माझं गेलं ना, मग तुझंही जाईल." धाकटीला तेवढाच आधार होता. लहानपणापासून थोरलीचं उतरलेलं सगळं तिच्या अंगावर आलेलं. फ्रॉक, दप्तर, चपलासुद्धा. आता दुखणंही उतरलेलंच मिळालं, असं ती गमतीने म्हणायची. थोरलीही हसायची, पण तिचं हसू जरा लवकर आटपायचं. आईवडील गेल्यावर धाकटीला जगात थोरली आणि तिची दोन पोरं, यांच्याशिवाय होतं तरी कोण? थोरलीच्या मुलीवर तर तिचा भारी जीव. शाळेतून सुटली की ती आधी मावशीच्या खोलीत यायची, मग घरी.

दवाखाना जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. थोरली तिला जिना चढवून आणायची आणि खोलीच्या दाराशी हात सोडून बाहेरच्या बाकावर बसायची. आत म्हणून कधी पाऊल टाकायची नाही. "त्या वासाने मला मळमळतं," म्हणायची. वास होताच. शेकायच्या गरम मेणाचा, रबरी चादरींचा, आणि त्यांच्या खाली आणखी एक, बरेच दिवस बंद असलेलं कपाट उघडल्यावर येतो तसला.

त्या दिवशीही सगळं रोजच्यासारखंच झालं. फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला खाटेवर निजवलं, हनुवटीखालून पट्टा घेतला, दोर कप्पीवरून सोडून त्याला वजन अडकवलं. डोकं मागे ओढलं गेलं, दातावर दात बसले. "मान हलवायची नाही. काही वाटलं तर वाजवा," म्हणून ताईंनी हातात घंटी दिली आणि त्या पलीकडच्या खोलीत गेल्या.

पट्टा बांधलेल्या माणसाला छत आणि कप्पी, एवढंच जग उरतं. डावीकडे एक हिरवा पडदा होता, तो डोळ्याच्या कोपऱ्यात नुसता जाणवायचा. पडद्यापलीकडे काकू असायच्या.

काकूंना धाकटीने कधी पाहिलं नव्हतं. येताना पडदा ओढलेला असायचा आणि उठताना घेरीने हिचेच डोळे मिटलेले असायचे. पण आवाज ओळखीचा झाला होता. मऊ, उशीत तोंड घालून बोलावं तसा. हिच्या दुखण्यातलं काकूंना जेवढं कळायचं तेवढं एकाही डॉक्टरला कळलं नव्हतं. "उठलं की कुणीतरी खांदे धरून फिरवतं ना हो?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा धाकटीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं होतं. कुणीतरी आपलं खरं मानतंय, याचंच तिला केवढं वाटलं होतं!

"बहीण कशी आहे तुमची?" आज काकूंनी विचारलं.

"बरी आहे," धाकटी दातांतल्या दातांत म्हणाली. "तुम्ही ओळखता तिला?"

"न ओळखायला काय झालं? याच खाटेवर असायची की. तुम्ही निजलाय तिथेच."

दोर कप्पीवर किंचित करकरला. थोरलीने तर सांगितलं होतं की हा दवाखाना तिला फक्त ऐकून माहीत आहे...

"व्यायामाने बरी झाली ती," धाकटी म्हणाली.

पडद्यापलीकडे बारीकसं हसू ऐकू आलं. "अहो, घेरी कधी बरी होते का? ती जाते. कुणाकडे तरी जाते. मी विचारलं, कुणाकडे पाठवू? तिने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, माझी धाकटी बहीण आहे. एकटा जीव आहे. तिच्या मागे पोरंबाळं नाहीत... तिला झेपेल."

धाकटीला ओरडायचं होतं, पण जबडा बांधलेला होता. खोटं आहे असंही तिला म्हणवेना, कारण ते शब्द थोरलीचेच होते. लहानपणी मोठी बादली हिच्याकडे देताना ती हेच म्हणायची, तिला झेपेल. म्हणजे इतके दिवस दंड धरून चालवलं, औषधं आणली, उशाशी बसली, ते हे माहीत असून? जिच्या खांद्यावर मान ठेवली तिनेच ती कापली होती. धाकटीला इतका संताप आला की क्षणभर घेरीसुद्धा आठवेना.

"परत पाठवा," ती म्हणाली. "तिचं तिला परत द्या."

"तसं होत नाही हो. हे वरून खालीच जातं. मोठ्याकडून लहानाकडे." आवाज आता जवळून येत होता, जणू काकू कुशीवर वळल्या होत्या. "तिची मुलगी आहे ना... तिच्याकडे पाठवू?"

आणि धाकटी लगेच 'नाही' म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं, पण तिच्या डोळ्यांपुढे थोरली आली, पोरीचा दंड धरून जिना चढवणारी, दारोदार डॉक्टरांकडे फिरणारी, लोकांचे टोमणे ऐकणारी. ते बघून तिला बरं वाटलं. अगदी गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

"नाही!" ती पट्ट्यातून घुसमटत म्हणाली. "नाही, नाही, राहू दे माझ्याकडेच!" आणि तिने जोरजोरात घंटी वाजवली.

ताई धावत आल्या. वजन उतरवलं, पट्टा सोडला. धाकटी उठून बसली आणि हात लांब करून तिने पडदा बाजूला सारला.

मागे खाट नव्हती. वीतभर अंतरावर भिंत होती, वरपासून खालपर्यंत ओल धरलेली, काळपट.

"ती ओल दिसू नये म्हणूनच लावलाय पडदा," ताई ओशाळून म्हणाल्या. "किती वेळा रंग दिला, टिकतच नाही."

धाकटी बाहेर आली. थोरली बाकावर होती.

"काकू तुझी चौकशी करत होत्या," धाकटी म्हणाली.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. कुठल्या काकू, असं तिने विचारलं असतं तरी धाकटीने सगळं पोटात घातलं असतं. पण तिने ते विचारलं नाही. माफीही मागितली नाही. उठून धाकटीचे दोन्ही हात पकडले आणि म्हणाली, "तू कुणाचं नाव घेतलंस?"

"लाज नाही वाटत?" धाकटीचा आवाज फाटला. "माझ्या आयुष्याचं मातेरं केलंस, आणि वर मलाच विचारतेस?"

"मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. दोन लेकरं आहेत गं माझ्या पदरात... सांग, कुणाचं?"

"कुणाचंच नाही. मी नाही म्हटलं. तुझ्यासारखी नाही मी!"

"मीही आधी नाहीच म्हटलं होतं," थोरली हळूच म्हणाली.

धाकटीने हात हिसकावून घेतले आणि तरातरा जिना उतरली. खाली रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की थोरली वरच्या पायरीवर थिजून उभी आहे, आणि आपल्याकडे बघतेय. आपल्या पायांकडे. तेव्हा धाकटीनेही खाली पाहिलं. जमीन जागच्या जागी होती. तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आकाशाकडे पाहिलं. काही हललं नाही.

थोरली धडाधड जिना उतरली आणि तिला मागे टाकून शाळेच्या दिशेने धावत सुटली. "अगं, मी नाही म्हटलंय!" धाकटी ओरडली, आणि तीही मागे धावली. ती कितीतरी दिवसांनी धावत होती. पाऊल कसं पडायला हवं तिथेच पडत होतं. आता तरी तोल जाऊ दे, आपटू दे मला, असं ती मनातल्या मनात विनवत होती. तोल काही गेला नाही.

शाळेच्या पायरीवर मुलगी बसली होती. बाई तिला पाणी पाजत होत्या. "वर्गात जरा भोवळ आली होती हिला," बाई म्हणाल्या. "पण आता छान आहे. उन्हाने झालं असेल."

"उभी राहा बघू," थोरली धापा टाकत म्हणाली. मुलगी उभी राहिली. एका पायावर उडी मारून दाखवली, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि न अडखळता मावशीला येऊन बिलगली. थोरली मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. धाकटीनेही डोळे मिटून देवाचे आभार मानले. त्या घटकेला तिने थोरलीला माफसुद्धा केलं असतं.

"रडतेस काय आई?" मुलगी म्हणाली. "त्या काकूंनी बरं केलं मला. दिसल्या नाहीत, पण किती गोड बोलतात! विचारत होत्या, घरी तुझ्याहून लहान कोण आहे? मी सांगितलं, आमचं बाळ आहे. कालपासूनच चालायला लागलंय."