नऊशे चारची काच

खोटं तुम्ही लिहिलंत, साहेब. 'काचेत दोष. काच बदलली. तक्रार निकाली.' खाली तुमची सही. निकाली काय निघतंय ते माझ्या घरी येऊन बघा.

भाईंदर पश्चिमेला आमच्या भातशेतीवर टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. खिडक्या स्मार्ट. काचेला भाताच्या तुसापासून काढलेल्या अतिसूक्ष्म कणांचा लेप; तापली की काच आपोआप काळी पडते, एसी कमी लागतो. माझी आई, सावित्री, पहिल्याच दिवशी म्हणाली, "तूस आमचा, न् काळोख बी आमालाच?"

मी एसी दुरुस्त करतो. तापमान मोजायची गन कायम बॅगेत. मला भुताखेताचं सांगू नका.

आई दिवसभर त्या काचेला टेकून खाडीकडे बघत बसायची. एप्रिलमध्ये काचेवर तिच्याच आकाराचा काळा डाग उमटला. मी बिल्डरच्या ऑफिसात, तुमच्याकडे, तक्रार दिली. तुमचे इंजिनिअर कौस्तुभ आले.

"काच उलटी बसवलीय हो. लेप आतल्या बाजूला आलाय. अंगाची ऊब लागते आणि काळी पडते. सिंपल आहे."

पटलं मला.

मग आई उठून गेली तरी डाग बसून राहायला लागला.

मी गन लावली. काच अठ्ठावीस अंश. डाग सदतीस.

आईच्या कपाळावर गन धरली. एकोणतीस.

"बरी हाय मी," ती म्हणाली. "भूक न्हाय, तहान न्हाय. कसला तरास न्हाय." डॉक्टरांनी अशक्तपणा लिहून दिला.

त्या दुपारी आई आत पलंगावर झोपली होती. काचेतल्या डागानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

माझी बायको सलोनी ओरडली नाही. हळूच पडदा ओढला. "अहो, तक्रार मागे घ्या. कोणाला हात लावू देऊ नका तिला."

मी तुमच्या टेबलासमोर उभा राहून हात जोडले. तुम्ही हसलात. "काय रे धर्मेश, काल काच बदला म्हणून बोंबलत होतास ना?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना तुमची माणसं आली. सलोनी खिडकीसमोर आडवी उभी राहिली. "मॅडम, ऊपर से ऑर्डर है, हटिए."

काच चौकटीतून सुटली तेव्हा आई पलंगावर एवढंच म्हणाली, "सांभालून."

त्यानंतर शब्द नाही. श्वास चालू आहे. डोळे उघडे. कातडी गुळगुळीत, गार.

काच परत द्या म्हणून तीनदा आलो. तुमच्या माणसांची उत्तरं: टेस्टिंगला गेली. गोडाऊनला असेल. आम्हाला माहीत नाही.

आज सकाळी साडेअकराला आईच्या खांद्यापासून कोपरापर्यंत एक बारीक रेघ उमटली. सरळ, काचेला तडा जावा तशी. रक्त नाही. सलोनीनं त्यावरून बोट फिरवलं, तर तिचंच बोट कापलं.

काच कुठे ठेवलीत, आणि आत्ता ती कोण हलवतंय?