निरोपाला घेतलेलं नाव

यातलं एकही अक्षर पदरचं नाही.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी मुख्य बेटावरच्या नौसोरी गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत जावं आणि सेराइमा टीचर कुठे राहतात ते विचारावं. ती स्वतः सांगेल. सांगताना दोनदा उठून दार लागलंय का ते बघेल, पण सांगेल.

बेटाचं नाव मात्र देत नाही. तिथे अजून शाळा भरते. दूरच्या लाऊ बेटांच्या बाजूचं ते एक लहानसं बेट आहे. महिन्यातून एकदा जहाज, तेही समुद्राची मर्जी असेल तर. एक गाव, एक शाळा, दोन शिक्षक.

आणि हे रात्री घडलेलं नाही. सगळं भर दुपारी, लख्ख उन्हात. गेल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात.

पहिली ते चौथी सेराइमाकडे होती. पाचवी ते आठवी एपारामा मास्तरांकडे. शिक्षक म्हणजे नुसतं शिकवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा बेटावर एक महिना काढून बघावा. पोराच्या पायात काटा गेला, चला मिसकडे. पाण्याची टाकी गळतेय, बोलवा मास्तरांना. चर्चचं गायन बसवा, गावकऱ्यांचे अर्ज लिहा, ऑफिसला अहवाल पाठवा, आणि रेंज नसेल तर तो पाठवायला फोन घेऊन टेकडी चढा. वर लोक म्हणणार, तुमचं बरं आहे, तीनला सुट्टी.

सेराइमाचा सहा वर्षांचा मुलगा तोमासी नौसोरीला तिच्या आईजवळ होता. नवरा गेल्यावर तिनं त्याला तिथे ठेवलं, 'थोडेच दिवस' म्हणून. ते थोडे दिवस संपत नव्हते. एकदा फोनवर तो तिला 'मिस' म्हणाला. चुकून म्हणाला. पण ती टेकडीवरच बसून रडली.

तिनं बदली मागितली होती. मंजूरही झाली होती. अडचण एकच. नवीन शिक्षक येईपर्यंत दोघांपैकी एकानं शाळेत राहायलाच हवं, असा ऑफिसचा नियम. आणि एपारामालाही ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती. म्हणजे एक सुटणार, दुसरा अडकणार.

"पहिली तू," मास्तर म्हणाले होते. "माझं काय, मी इथला जुना खांब. वाळवी लागली तरी उभाच."

"आणि ऑस्ट्रेलियावाले थांबतील होय तुमच्यासाठी?"

"त्यांचे म्हातारे कुठे पळून जातायत?"

ती हसली होती. तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. त्याच्या शब्दावर शंका घ्यायची तिच्या मनातही आली नाही.

जहाज गुरुवारी येणार होतं. बुधवारी सकाळी मास्तर म्हणाले, "तुझी बारकी पोरं पलीकडच्या किनाऱ्यावर ने. हस्तकलेला शिंपले लागतील. जाण्याआधी तेवढं उरकून टाक."

ती गेली. पोरं शिंपले वेचत होती. आणि मग...

जहाजाचा भोंगा.

एक दिवस आधीच!

ती धावत परत आली तेव्हा जहाज खडकांच्या रांगेपलीकडे गेलं होतं. मास्तरांच्या घराचं दार उघडं होतं. चटया गुंडाळून नेलेल्या. चुलीवरची किटली अजून गरम.

वरच्या वर्गात मुलं हाताची घडी घालून बसली होती.

"मास्तर कुठे गेले?"

 आठवीतली लुपे म्हणाली, "आम्हाला कालच सांगितलं होतं, मिस. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून."

म्हणजे वर्गाला ठाऊक होतं. तिला नव्हतं. केसानं गळा कापला होता तिचा, आणि तोही असा की सुरी कुठे दिसली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. राग कमी, लाजच जास्त वाटत होती, आपण एवढ्या कशा भोळ्या म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वर्ग तिच्या गळ्यात. वरच्या वर्गाला गणितं घालून द्यायची आणि खालच्या वर्गात पळायचं. मधे नुसती लाकडी भिंत.

सोमवारी दुपारी ती खालच्या वर्गाला चित्रं काढायला देऊन जरा टेकली. सगळीकडे सामसूम. वारा पडलेला.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला...

खडूचा.

कोणीतरी फळ्यावर लिहीत होतं. मग बाईचा बारीक आवाज. मग सगळ्या वर्गाचा एकसुरात नऊचा पाढा.

तिला वाटलं, लुपे मिस-मिस खेळतेय. ती उठून गेली. दारात पाय ठेवला...

पाढा थांबला.

मुलं सरळ बसलेली. लुपे शेवटच्या बाकावर. फळ्याजवळ कोणीच नाही.

"कोण शिकवत होतं?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आपली मिस अशी काय विचारते, असं.

"तुम्हीच की, मिस."

 पोरांसमोर घाबरून चालत नाही, हे या नोकरीत पहिल्या महिन्यातच शिकावं लागतं. "बरं," ती म्हणाली आणि परत गेली.

मग हे रोजच व्हायला लागलं. दुपार झाली की भिंतीपलीकडे शाळा भरायची. ती दारात गेली की... शांत.

दोन आठवड्यांनी ती शनिवारच्या होडीनं शेजारच्या मोठ्या बेटावर गेली, चुलतबहिणीकडे. तिथून तोमासीशी नीट बोलता यायचं. रविवारी संध्याकाळी परतायचं होतं, पण समुद्र खवळला. सोमवारची शाळा बुडणार म्हणून तिच्या जिवाला घोर लागला.

सोमवारी दुपारी जेवून तिनं पाठ टेकली.

आणि ती उठेना.

बहिणीनं हलवलं, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू होता, अंग गरम होतं, पण डोळे उघडेनात. शाळा सुटायच्या वेळेला ती आपोआप जागी झाली. घसा बसलेला, दिवसभर ओरडून बसतो तसा.

मंगळवारी ती परत आली. पोरं रांगेत उभी.

"काल सुट्टी झाली ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"सकाळी होती," लुपे म्हणाली. "दुपारी तुम्ही आलात ना."

फळ्यावर सोमवारची तारीख होती...

तिच्याच अक्षरात.

त्या संध्याकाळी ती शाळेशेजारच्या तितिलिया बुबूकडे, म्हणजे तितिलिया आजीकडे, गेली. ही म्हातारी दिवसभर ओट्यावर चटई विणत बसायची आणि अख्ख्या बेटाचा हिशेब ठेवायची. सेराइमानं सगळं सांगितलं. बुबूचे हात थांबले.

"तुला सांगितलंच नाही त्यानं?"

"काय?"

"मला वाटलं तुमचं ठरलंय आपसांत. तुम्ही दोघं म्हणजे एका ताटात जेवणारे."

"बुबू, काय ते नीट सांग."

शाळेमागे फणसासारख्या फळांच्या झाडाखाली एक कबर आहे. मिस सालोतेची. फार पूर्वी ही बाई इथे एकटी शिकवायची. बदली शिक्षक येणार, येणार, म्हणून वाट बघत राहिली आणि एका दुपारच्या तासाला खुर्चीत बसल्या जागी गेली. आपल्या बेटांवर गाव सोडताना यांगोनाच्या, म्हणजे ज्याचं पेय करतात त्या झुडपाच्या, मुळ्यांची जुडी गावापुढे ठेवून निरोप मागतात, हे काही नवीन नाही. पण या शाळेतला शिक्षक आणखी एक जुडी त्या कबरीवर ठेवतो आणि मागे कोण राहणार त्याचं नाव सांगतो. म्हणजे वर्ग रिकामा नाही, हे तिला कळावं. नाव त्याचंच घ्यायचं, ज्यानं आपणहून हो म्हटलंय.

"गावाचा निरोप घेतला नाही मेल्यानं," बुबू म्हणाली. "पण तिचा घेतला. पहाटे गेला होता. मी ऐकलं ना या कानांनी. 'सेराइमा राहील,' म्हणाला. 'ती कुठे जात नाही,' म्हणाला."



तो पळून गेला याचं तिला दुःख होतंच. माणसं पळतात. पण जाताना त्यानं तिला तारण ठेवलं होतं. तोमासी तिची वाट बघतोय हे माहीत असून.

"आता सुटायचं कसं?"

"पुढची येईल तिचं नाव घ्यायचं. दुसरं काय?" बुबू पुन्हा विणायला लागली. "ती हो म्हणाली तर चांगलंच. नाही म्हणाली तर... त्यानं कुठे विचारलं होतं तुला?"

पुढच्या जहाजानं नवीन शिक्षिका आली. आशिका. लंबासा गावची, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, डोक्यावर पातेल्यांची पिशवी.

"मॅडम, इथे करीपत्ता मिळतो का?" होडीतून उतरताच तिनं विचारलं. "आई म्हणाली, तुझ्यानं एक सत्रसुद्धा निघायचं नाही. मी म्हटलं, बघच तू."

सेराइमाला तिच्याकडे बघवेना. निम्म्या वयाची पोर.

जहाज सुटायच्या आधी ती जुडी घेऊन कबरीपाशी गेली. आशिकाचं नाव ओठांवर होतं. तेवढं घेतलं की ती मोकळी, संध्याकाळी जहाजावर, दोन दिवसांनी पोराजवळ.

पण जिभेवर आलं ते वेगळंच.

"एपारामा राहील," ती म्हणाली. "तो म्हणाला होता राहतो म्हणून. मला शब्द दिलाय त्यानं."

झाडाचं एक पानही हललं नाही.

जहाजावर तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशी तोमासी धक्क्यावर आजीचा हात सोडून धावत आला आणि तिच्या कमरेला मिठी मारून उभा राहिला. ती नौसोरीच्याच शाळेत रुजू झाली. तोमासीही तिथेच, पहिलीत. सगळं सुरळीत झालं, असं तिला वाटलं.

महिनाभरानं एपारामाच्या बायकोचा फोन आला. ऑस्ट्रेलियाहून.

"सेरा, याला काहीतरी झालंय गं. रोज तिकडची दुपार झाली की हा इथे झोपतो. उभ्या उभ्या. म्हाताऱ्याला आंघोळ घालताना झोपला परवा. डॉक्टरांना काही सापडत नाही. नोकरी जायची पाळी आलीये." मग तिनं आवाज खाली आणला. "तू तिथे... काही बोललीस का?"

"मी काय बोलणार?" सेराइमा म्हणाली.

तिला बरं वाटलं. वाईटही वाटलं. पण बरं आधी वाटलं.

सत्र संपता संपता आशिकाचा फोन आला. टेकडीवरून, वाऱ्यात.

"मॅडम, इथे एक मास्तर येतात म्हणे दुपारी. मला दिसत नाहीत, मुलांना दिसतात. मुलं खूश आहेत हो, पण मला नाही सहन होत. मी राजीनामा दिलाय. शुक्रवारच्या जहाजानं निघते. माझ्या जागी कोणी येत नाहीये."

"बरं केलंस. नीघ."

"पण बुबू म्हणतात, निघताना कबरीवर नाव सांगावं लागतं. मास्तरांचंच परत घेऊ नये म्हणे. त्यांनी आपणहून हो म्हटलेलं नाही." वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. "तुमचं घेऊ का, मॅडम? बुबू म्हणाल्या, तुमचं नाव तिथे ओळखीचं आहे. आणि तुम्ही तर आता इतक्या लांब आहात. तुम्हाला काय होणार?"

"नको! आशिका, ऐक, माझं नको..."

"हॅलो? मॅडम? तुमचा आवाज येत नाहीये. हो म्हणालात ना?"

फोन तुटला. मग लागलाच नाही. शनिवारीही नाही, रविवारीही नाही. सेराइमा स्वतःला समजावत राहिली. पोर चांगली आहे. कोणाचं तरी दुसरं नाव घेईल. घेणारच नाही कदाचित.

सोमवारी, मधल्या सुट्टीत, तिच्या फोनवर एपारामाच्या बायकोचा निरोप आला.

'सेरा, रोज एव्हाना याला पेंग यायला लागते, आज आलीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. टक्क जागा आहे आणि भात मागतोय. देव पावला गं.'

तिनं ते दोनदा वाचलं.  सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि मैदानातून पोरं वर्गांकडे पळाली.

ती नळाशी गेली. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मग पहिलीच्या रांगेतून तोमासीला बाहेर ओढलं आणि भिंतीला टेकून त्याचा हात धरून उभी राहिली.

"बोलत राहा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही बोल. थांबू नकोस."

तोमासी बोलायला लागला. आजीनं मासा तळला, मांजरानं तो पळवला, मग आजी काठी घेऊन मागे धावली. तो अगदी तिच्याजवळ उभा होता, तिचा हात त्याच्या हातात होता...

आणि त्याचा आवाज लांबून येत होता.