घरचं माणूस

सुपरवायझर बाई त्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, त्या नव्या मुलीचं एवढंसं काम घेऊन. असलीच कामं घेऊन त्या कितव्यांदा तिथे उभ्या होत्या, ते मोजायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या कारखान्यात इस्पितळांच्या चादरी धुवायला येत. दिवसभर वाफ, ब्लीचचा वास आणि यंत्रांची धडधड. फाटकावर परका माणूस आला की वॉचमनकाका त्याची पिशवीसुद्धा उपसून बघत, पण कामगाराचं घरचं माणूस आलं की थेट आत. साहेबांना या रिवाजाचा कोण अभिमान! "आपण सगळे एक कुटुंब," असं ते उठता-बसता म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या घडीवालीचा नवरा असाच घरचं माणूस म्हणून आत आला आणि वाळवणीच्या खोलीत त्याने गळा दाबून तिचा जीव घेतला. कारखान्याने उभं राहून शांतता पाळली, आणि पुन्हा यंत्रं सुरू केली.

"साहेब, त्या नव्या मुलीच्या मनगटांवर वळ आहेत. नवऱ्याला आत सोडू नका, असं तिने स्वतः सांगितलंय."

"बाई, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला नाक खुपसायचं?"

"घडीवालीच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"ते एकदा झालं हो! दरवेळी का तसंच होतं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला सांगण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, असं पुटपुटत त्या बाहेर आल्या.

बाहेर नव्या मुलीचं टेबल रिकामं होतं. इस्त्री तशीच तापत पडली होती. दारात वॉचमनकाका हसतमुखाने उभे.

"तिचा नवरा आलाय. वाळवणीकडे गेला."

"अहो, सोडलंत कशाला त्याला?"

"नवराच आहे ना, बाई. साहेबांचाच हुकूम आहे."

बाई धावत सुटल्या. वाळवणीच्या दाराबाहेर, मळक्या चादरींच्या ढिगाआड, ती मुलगी अंग चोरून बसलेली दिसली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"ताई, तो आत गेलाय..." ती कुजबुजली. "पण मी तर इथे आहे... मग तो बोलतोय कुणाशी?"

दार ढकलून उघडेना. आत यंत्र बंद होतं, तरी फटीतून गरम वाफेचा झोत येत होता. पुरुषाचा आवाज आधी चढा होता, मग तो बारीक झाला. आणि त्याच्यामागून कुणा बाईचा आवाज आला, दबका, घसा आवळल्यासारखा.

"तुला आत कुणी सोडलं?"

"वॉचमनने..."

"त्याला कुणी सांगितलं...?"

"साहेब... साहेबांनी..."

मग दार आपोआप उघडलं. तो माणूस घामाने निथळत बाहेर आला, कुणाकडेही न बघता फाटकापर्यंत गेला आणि तिथेच बसून राहिला. पोलीस आले तेव्हा "मला कोंडून ठेवा, पण तिला आत सोडू नका," असं विनवत होता.

खोलीत कुणी नव्हतं. सगळ्या चादरींच्या घड्या मात्र घातलेल्या होत्या, टोकं आत दुमडून. तशी घडी फक्त घडीवाली घालायची. तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला, थेट वाळवणीच्या खोलीला जोडलेला. साहेबांनी उचलला. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनकाकांना काढलं. कामगार स्वतः हो म्हणाल्याशिवाय घरच्या कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियमही झाला. बाईंना हसावं की रडावं कळेना. जित्या बाईने सांगून सांगून घसा कोरडा केला तेव्हा ढिम्म हलले नाहीत, आणि मेलेलीच्या एका फोनवर सगळं झालं! पण नवी मुलगी त्या दिवसापासून मान वर करून काम करू लागली, त्यामुळे बाई गप्प बसल्या.

आठवडाभराने संध्याकाळी साहेबांच्या केबिनमधून ओरडा ऐकू आला. बाई धावल्या. साहेबांच्या खुर्चीवर एक चादर होती, टोकं आत दुमडलेली, अजून ऊन ऊन. समोर नवा वॉचमन गोंधळून उभा होता.

"इथे कुणाला सोडलंस आत?" साहेबांनी चादरीकडे बोट दाखवत विचारलं.

"एक बाई होत्या, साहेब. नियम कामगारांच्या घरच्यांना आहे ना..." वॉचमन चाचरला. "त्या तुमच्या घरच्या आहेत म्हणाल्या. आणि... तुमच्याच घरी चाललेय, असं सांगून गेल्या."